पट्ट्याबाहेरचा उजेड

अंधाऱ्या खोलीत एका वेळी एकाच तरंगलांबीचा प्रकाश सोडणारा मोनोक्रोमेटर एकेक नॅनोमीटर पुढे सरकतो आणि माझ्यासमोर कॅमेऱ्याच्या प्रतिसादाचा आलेख चढत जातो. रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-3 कॅमेऱ्याचा लाल पट्टा 620 ते 680 नॅनोमीटरचा. तसा सपाट, देखणा माथा उमटला की नवख्यांना हायसं वाटतं. माझं खरं काम त्यानंतर सुरू होतं, पायथ्याशी.

एकदा अशाच एका लाल पट्ट्याचा आलेख मी लॉग स्केलवर, म्हणजे बारीक आकडेही उठून दिसतील असा, काढला. साध्या आलेखात 900 च्या पुढे नुसती सरळ रेष होती. इथे तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा दिसला. पट्ट्याबाहेरचा प्रकाश अडवणारा फिल्टर गळत होता. सिलिकॉनचा डिटेक्टर सुमारे 1100 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपतो. फिल्टरनं अडवलं नाही ते सगळं तो इमानेइतबारे मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त त्याच्या कितीतरी पट परतवतं. त्यामुळे पीक जितकं जोमदार, तितकी ही गळती जास्त. लालचा आकडा फुगतो आणि भरलेलं शिवार चित्रात रोडावलेलं दिसतं. तो फिल्टर आम्ही बदलला. काम लांबलं, त्याची मला आजही खंत नाही.

फिल्टर म्हणजे काचेवर चढवलेले अतिपातळ थर. प्रकाश तिरका आला की पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो, म्हणून भिंगांची रचना अशी करावी लागते की कडेचे किरणही फिल्टरवर जवळपास सरळ पडावेत. थर सच्छिद्र असले तर त्यांत हवेतली आर्द्रता मुरते; निर्वातात ती निघून गेली की पट्टा पुन्हा हलतो. म्हणून हवेत घेतलेल्या मापावर मी थांबत नाही, तेच माप निर्वात कक्षात पुन्हा घेतो.

पट्टा कुठे संपवायचा, हा निर्णयही तितकाच मोलाचा. लँडसॅट 7 उपग्रहाचा अवरक्त पट्टा साधारण 770 ते 900 नॅनोमीटर पसरलेला होता. 825 च्या आसपास हवेतली वाफ प्रकाश शोषते, ती जागाही त्यातच येई. 2013 मध्ये गेलेल्या लँडसॅट 8 वर तो 845 ते 885 इतका आवळला. प्रकाश कमी मिळाला, पण वाफेची ढवळाढवळ टळली.

कक्षेत गेलेल्या कॅमेऱ्याचा फिल्टर बदलता येत नाही. पुढची कित्येक वर्षं पिकांचे अंदाज त्याच्याच आकड्यांवर बांधले जातात. म्हणून मी माथ्यापेक्षा पायथ्याशी जास्त वेळ बसतो.