ले-ऑफ म्हणजे परत कधी?

‘दादाचा ले-ऑफ झाला.’ हे वाक्य त्या आठवड्यात मी फोनवर इतक्यांदा म्हटलं, की त्यातला ‘झाला’ खटकायला लागला. डेंग्यू होतो, अ‍ॅक्सिडेंट होतो, तसा ले-ऑफही होतो; करणारा कुणी दिसतच नाही. इंग्रजीतही ‘आय वॉज लेड ऑफ’, तिथेही कर्ता गायब. त्यापेक्षा आपलं ‘नारळ दिला’ बरं. नारळ निदान कुणाच्या तरी हातून येतो.

‘ले’ म्हणजे ठेवणं, ‘ऑफ’ म्हणजे बाजूला. ‘काढून टाकलं’मध्ये ‘टाकलं’ जे काम करतं, साधारण तेच या चिमुकल्या ‘ऑफ’चं. (मित्राला नुसतं ‘ले ऑफ!’ म्हटलं तर मात्र अर्थ ‘पिडू नकोस’.) ‘फायर्ड’मध्ये सहसा तुमच्यावर ठपका असतो, ‘लेड ऑफ’मध्ये तुमची जागाच गेलेली असते. पुढच्या मुलाखतीत हा फरक फार कामाचा.

आमच्या घरात घोळ वेगळाच झाला. बाबांनी बातमी शांतपणे ऐकली आणि विचारलं, “परत कधी बोलावणार?”

बाबा पिंपरीत कारखान्यात होते. त्यांचा ले-ऑफ १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातला. वीज नाही, कच्चा माल नाही, मशीन बिघडलंय किंवा तयार माल पडून आहे, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण नाव मस्टरवर कायम. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे मिळायचे. त्यासाठी रोज ठरल्या वेळी हजेरी लावावी लागायची. बाबा सायकलवरून गेटवर जायचे, हजेरी लावून परत यायचे, दुपारी आईला गहू निवडू लागायचे. मग एक दिवस डबा घेऊन जायचे, आणि आम्हाला कळायचं की काम सुरू झालं. नोकरी कायमची जाण्याला कायद्यात शब्दच निराळा होता: रिट्रेंचमेंट. कामगार म्हणायचे, कपात.

अमेरिकेतही ‘ले ऑफ’ आधी मंदीपुरतं घरी बसवण्यासाठीच वापरत. कायमचं जाणं त्याला नंतर चिकटलं. मऊ ऐकू येतो म्हणूनच चिकटलं असावं, असा माझा संशय.

“नाही बोलावणार, बाबा,” दादा म्हणाला. “कार्डपण बंद केलंय.”

“मग कपात म्हण की,” बाबा म्हणाले. “ले-ऑफ कशाला म्हणतोस?”