चार नंबरचा चेंडू

आमच्या लहानपणी सांगलीत फुटबॉलचा नंबर कुणी विचारत नसे. गल्लीत एकच फुटबॉल, तोही थोरल्या पोरांचा. ती दमून कट्ट्यावर बसली की उरलेल्या उजेडात तो आमच्या वाट्याला येई. चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, तोंडाला वादी. हवा भरली की ब्लॅडरची नळी दुमडायची, दोऱ्यानं आवळायची, आत दडपायची आणि वरून वादी ओढायची. हे ज्याला जमे तो खेळात ढ असला तरी त्याची जागा पक्की. पावसाळ्यात चामडं पाणी पिई, काळी माती पाय सोडत नसे. भिजलेला चेंडू डोक्यावर घ्यायला कुणी धजत नसे, आणि पायानं मारायचा तर अंगठ्यानंच. बाकी कुठल्याही भागानं मारला तर तो जागचा हलायचाच नाही.

सांगली विजय हजाऱ्यांची, त्यामुळे घरातून उत्तेजन मिळायचं ते क्रिकेटला. फुटबॉल खरा कोल्हापूरचा. मामा तिकडं राहायचे म्हणून सुट्टीत शाहू स्टेडियमवर जायला मिळे. तिथं तालमींचे संघ खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉल पोसल्याचं असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तिथून मी खेळ किती शिकलो देव जाणे, ओरडायला मात्र शिकलो.

नोकरीनं साताऱ्याला आणलं आणि काही वर्षांपासून सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याजवळच्या एका मुरमाड मैदानावर दहा वर्षांखालच्या पोरापोरींना शिकवतो. चेंडूच्या नंबरांकडे नीट बघितलं ते इथं आल्यावर. पाच नंबर म्हणजे मोठ्यांचा, 410 ते 450 ग्रॅम. चार नंबर 350 ते 390. हातात धरून फरक कळतही नाही. पण पोराचं वजन 25 किलो धरा आणि हिशेब करा: त्याला पाच नंबर देणं म्हणजे 70 किलोच्या गड्याला सव्वा किलोचा चेंडू देणं. मग तोही अंगठाच वापरेल. लहान वयात पायाला लागलेलं हे वळण पुढं सुटत नाही, माझं अजून सुटलेलं नाही. चार नंबर दिला की पोर आपसूक पावलाची आतली बाजू वापरतं, मान वर करून बघतं, पास देतं. त्यासाठी मला तोंड उघडावं लागत नाही. मैदान छोटं आखून पाच-पाच जण खेळवले की चेंडूभोवतीचा घोळकाही थोडा पातळ होतो. पूर्ण फुटत नाही. सात वर्षांच्या जिवाला चेंडू सोडून मोकळ्या जागेत पळ म्हणणं म्हणजे पंगतीत वाढलेली जिलबी सोडून पाणी आण म्हणण्यासारखं आहे.

हे पालकांना पटवणं अवघड. आमच्या संघातल्या गोलकीपर मुलीचे आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. रोज कडेला उभे.

"सर, जड बॉलनं खेळवा. वजन उचलल्याबिगर बळ येतं व्हय?"

मी म्हणालो, "आबा, आपल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला ब्राँझ आणलं ते 57 किलो गटात. त्यांना कुणी हेवीवेटवर सोडलं होतं का?"

गोळेश्वरच्या खाशाबांचं नाव काढल्यावर साताऱ्यात वाद घालणं कठीण. आबा गप्प झाले, पटलं मात्र नसावं.

2017 साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्या निमित्तानं आधी 15 सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोरांनी फुटबॉल खेळून घेतला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. आपण तिन्ही सामने हरलो, तरी जॅक्सन सिंगनं कोलंबियाला हेडरनं मारलेला गोल अजून दाखवतो मी पोरांना. दाखवतो आणि लगेच बजावतो, तुम्ही हेडर नाही मारायचं. अमेरिकेनं तर 2015 सालीच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केलं. ही बंदी आपल्याकडं आणली तर मी पेढे वाटीन.

मागच्या हिवाळ्यात सांगलीला मैत्रीचा सामना ठरला. पेठ नाक्याला वडापाव खाऊन पोहोचलो तर यजमानांनी पाच नंबर काढलेला. त्यांचे सर भला माणूस, पण त्यांच्याकडं दुसरा चेंडूच नव्हता आणि आमच्या चेंडूनं खेळायला त्यांचे पालक तयार होईनात. अर्धा तास वाटाघाटी. शेवटी पहिला हाफ त्यांच्या चेंडूनं, दुसरा आमच्या. पहिल्यात आम्ही दोननं मागं. दोन्ही गोल अंगठ्याचे आणि सणसणीत. दुसऱ्यात आम्ही तीन घातले, त्यांनी एक. म्हणजे बरोबरी. पण परतीच्या गाडीत पोरांनी हिशेब वेगळा मांडला: चार नंबरच्या मॅचमध्ये आपण जिंकलो, पाच नंबरची मॅच आपली नव्हतीच.

आबा पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "हा निकाल कोल्हापुरात कुणाला सांगू नका."