पत्रिकेत नसलेला गुण : बी-२७

ऑफिसात पाठ दुखणं यात नवल ते काय? आमच्या टीममध्ये अर्ध्या जणांची दुखते. माझी मात्र उलट्या डोक्याची. बसलं-झोपलं की जास्त दुखायची, चाललं की बरी व्हायची. पहाटे दुखण्यानं जाग यायची. सकाळी तासभर कंबर लाकूड! नवी खुर्ची झाली, आईचं तेल आणि शेकही झाला. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी एमआरआय आणि रक्ततपासणी करायला लावली. एचएलए बी-२७ पॉझिटिव्ह. निदान : अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. वय वर्षं २८.

‘संधिवात? या वयात?’ काकू किंचाळलीच. पण हा आजार सुरू होतो तो बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आतच.

बी-२७ हा जंतू नाही, ते आपल्याच पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन आहे. त्याचं काम गेटवर आयकार्ड दाखवण्याचं. पेशीच्या आतल्या प्रोटीन्सचे तुकडे बाहेर धरायचे. टी-पेशी हे सिक्युरिटी गार्ड. त्यांच्या अंगावरचे रिसेप्टर ते कार्ड वाचतात. घरचा तुकडा असेल तर सोडून देतात, जंतूचा दिसला तर हल्ला.

बी-२७ आणि या आजाराचं नातं १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं. पण का, हे कोडंच होतं. २०२२ मध्ये एक मोठा धागा हाती लागला. पेशंट्सच्या काही टी-पेशींचे रिसेप्टर बी-२७ने धरलेला जंतूचा तुकडाही ओळखतात आणि शरीराचा स्वतःचा तुकडाही. म्हणजे गार्ड चोर समजून घरच्यांनाच बडवत असावा! दुसरा संशय असा, की या प्रोटीनची घडीच नीट बसत नाही आणि त्यातून दाह पेटतो.

आता खरा प्रश्न. माझं लग्न ठरलंय. छत्तीस गुण जुळले, पण पत्रिकेत बी-२७चा रकाना कुठाय? त्याला कॉफी शॉपमध्ये सगळं सांगितलं. बाळाकडे हे प्रोटीन जाण्याची शक्यता निम्मी. पण बी-२७ असलेल्या शंभरातल्या जेमतेम पाच-सहा जणांनाच आजार होतो. घरात पेशंट असेल तर प्रमाण वाढतं. माझा दादाही पॉझिटिव्ह आहे, आणि तो मजेत सिंहगड चढतो.

त्यानं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “औषध काय?” रोजचा व्यायाम, सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि गरज पडलीच तर टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं. “मग पोहायला दोघंही जाऊ,” तो म्हणाला.

तुमची पाठ तीन महिन्यांहून जास्त दुखतेय? आणि आराम केल्यावर वाढतेय? मग खुर्चीला दोष देत बसू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना गाठा.