दुरुस्तीच्या दुकानांतलें औषध

आमच्या पांढरपेशा वर्गाला परीक्षेचें जितकें कौतुक आहे, तितकें दुरुस्तीचें नाहीं. मुलगा परीक्षेंत उतरला कीं चाळभर पेढे वाटले जातात. परंतु बंद पडलेलें घड्याळ ज्यानें चालतें केलें, त्याचें नांवहि विचारण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. घड्याळ कानाशीं धरावें, टिकटिक ऐकूं आली कीं ठरलेले पैसे द्यावे आणि दुकानाची पायरी उतरावी, एवढाच आमचा त्याचा संबंध. संगणकांच्या रोगावर औषध विकणाऱ्या पुण्याच्या 'क्विक हील' या कंपनीचा इतिहास आम्हांस मनोरंजक वाटतो, तो तिच्या नफ्यातोट्याकरितां नव्हे. ती कंपनी एका दुरुस्तीवाल्याच्या बाकावर जन्मली म्हणून.

कैलास व संजय काटकर हे तिचे संस्थापक बंधु. कुटुंब मूळचें सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचें. वडील पुण्यास फिलिप्स कंपनींत नोकरीस. थोरले कैलास यांनीं दहावीनंतर शिक्षण सोडलें आणि गणकयंत्रें दुरुस्त करणाऱ्या एका दुकानांत महिना ४०० रुपयांवर ते राहिले. आमच्या ओळखीच्या एखाद्या घरांत असें घडतें, तर काका-मामांची बैठक भरली असती आणि 'निदान बारावी तरी हो' हें पालुपद आठवडाभर चाललें असतें. तें पालुपद खोटें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. बहुतेक मुलांना तें हिताचेंच असतें. पण या मुलाची शाळा बाकावर होती. यंत्रें दुरुस्त करतां करतां बँकांचीं दारें त्यांना उघडलीं. अशाच एका बँकेंत कांचेच्या खोलींत टेलिव्हिजनसारखी दिसणारी वस्तु आपण पाहिली व ती संगणक आहे असें कळलें, अशी आठवण त्यांनीं पुढें सांगितली आहे. त्या दिवसांत बँकांतील नोकरवर्ग संगणकाकडे पोटावर पाय देणारा म्हणून पाहत होता. कैलास यांना त्यांत आज ना उद्यां बिघडणारें, म्हणजेच दुरुस्तीला येणारें, एक यंत्र दिसलें. आशावादाचे तरी किती प्रकार असावेत!

१९९० च्या सुमारास १५,००० रुपयांच्या भांडवलावर मंगळवार पेठेंत त्यांनीं स्वतःचें दुकान थाटलें. मंगळवार पेठ म्हणजे जुन्या बाजाराची पेठ. ज्या वस्तूचा संसार एका घरीं संपला तिचा दुसऱ्या घरीं कसा सुरू होतो, हें तेथें पाहावें. धाकटे संजय तेव्हां शिकत होते. त्यांनीं संगणकाचाच विषय घ्यावा हा आग्रह थोरल्या भावाचा, आणि शिक्षणाचा भार दुकानाच्या मिळकतीवर. १९९३ सालीं त्या दुकानाची 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' झाली. विद्या आणि कारागिरी यांची आमच्या समाजांत फार दिवसांची फारकत आहे. या एका घरांत त्या एका ताटांत जेवत होत्या.

आतां रोगाविषयीं. संगणकाचा विषाणु म्हणजे सजीव जंतु नव्हे. तें एक लिखाण असतें. आपली नक्कल करीत राहावें आणि सांपडेल त्या यंत्रांत शिरावें, एवढी आज्ञा त्यांत असते. मग कोणी खोडसाळ त्यांत नासधुशीचीहि आज्ञा घालतो. मौज अशी कीं, १९८६ सालीं पसरलेला 'ब्रेन' नांवाचा विषाणु लाहोरच्या दोघां भावांनींच लिहिला होता. आपल्या मालाच्या चोरट्या नकला होऊं नयेत हा आपला हेतु होता, असें त्यांचें म्हणणें. आणि त्या विषाणूंत त्यांनीं आपलें नांव, पत्ता व टेलिफोनचा आंकडाहि लिहून ठेविला होता. इतका सरळ गुन्हेगार पुढें झाला नाहीं. पुढें 'मायकेलअँजेलो' आला. तो दर वर्षीं ६ मार्चला, म्हणजे त्या थोर शिल्पकाराच्या जन्मदिवशीं, जागा होऊन तबकडीवरील मजकूर नासवीत असे. १९९२ सालीं त्याची भीति जगभर पसरली. प्रत्यक्ष नुकसान त्या मानानें पुष्कळच कमी झालें. परंतु ज्याचा वर्षाचा जमाखर्च गेला त्याला जगाच्या सरासरीचें काय?

ही हानि दुरुस्तीवाल्यास रोज पाहावी लागते. रोगी यंत्र आलें कीं सोपा उपाय म्हणजे सगळें पुसून नव्यानें भरणें. त्यांत रोगाबरोबर गिऱ्हाइकाचे कागदहि जात. कैलास यांनीं ही अडचण धाकट्या भावापुढें ठेविली. संजय यांनीं एकेका विषाणूवर उतारा लिहिण्यास आरंभ केला, आणि १९९५ सालीं ते सर्व एकत्र करून 'क्विक हील' या नांवानें विक्रीस निघाले; किंमत सुमारें ७०० रुपये. नांवाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. या धंद्यांतील मालाचीं नांवें बहुधा पहारेकऱ्याचीं नाहीं तर तटबंदीचीं असतात. येथें नुसतें 'लवकर बरें करणें' आहे. तें सैनिकाला सुचलें नसतें. ज्याच्यापुढें गिऱ्हाईक 'केव्हां मिळेल हो?' म्हणून उभें असतें, त्यालाच तें सुचावें.

या औषधाची रीत समजण्यास अवघड नाहीं. प्रत्येक विषाणूच्या लिखाणांत त्याची म्हणून एक खूण असते. अशा खुणांचा कोश करावा आणि यंत्रांतील प्रत्येक फाईल त्याशीं ताडून पाहावी. मात्र हा कोश आज पुरा झाला तरी उद्यां अपुरा ठरतो, कारण रात्रींतून नवे विषाणु निघतात. पुढें खुणेबरोबर वागणुकीवरहि नजर ठेवण्याच्या युक्त्या आल्या. तरी रोजची भर कांहीं चुकली नाहीं. म्हणजे गिऱ्हाईक डबी विकत घेतें असें त्याला वाटतें. वास्तविक तें दुसऱ्या कोणाचें तरी जागरण विकत घेत असतें.

आणि जागरण विकणें कठीण. रोग झाला नाहीं तर औषधाचा उपयोग काय, असें मनुष्य विचारतो. झाला तर औषध कुचकामाचें, असें म्हणतो. १९९९ च्या सुमारास हा उद्योग गुंडाळावा इथपर्यंत गोष्टी आल्या होत्या. तो टिकला त्याचें मोठें श्रेय, आमच्या मतें, गांवोगांवच्या संगणक विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या लहान दुकानदारांना आहे. त्यांच्या शब्दावर लोकांनीं ती डबी घेतली. पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला निघाली, मग इतर शहरें आलीं. २००७ सालीं कंपनीनें 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' हें नांव घेतलें. २०१० सालीं सिकोया या गुंतवणूकदार संस्थेनें ६० कोटि रुपये घातले. २०१६ च्या फेब्रुवारींत भाग बाजारांत आले. ३२१ रुपयांस विकलेला भाग पहिल्याच दिवशीं बराच खालीं बसला. बाजाराला बाकाचा इतिहास सांगून उपयोग नसतो.

या धंद्याचें पुढें काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनें संरक्षण यंत्राबरोबरच फुकट दिलें. २०१७ च्या मे महिन्यांत 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूनें इंग्लंडांतील रुग्णालयें अडवून धरलीं. त्याच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिला होता, तो लावण्याचें अनेकांचें राहून गेलें. आणि २०२४ च्या जुलैंत क्राउडस्ट्राइक या अमेरिकन रक्षक कंपनीच्याच सदोष भरीनें सुमारें ८५ लक्ष यंत्रें बंद पाडलीं. वैद्याच्या हातूनहि विष पडतें, हें जगानें त्या दिवशीं विमानतळांवर ताटकळत पाहिलें.

आमच्या घरीं मुदत संपत आल्याची पाटी दर वर्षीं पडद्यावर झळकते, आणि दर वर्षीं वाद होतो. "बाबा, विंडोजबरोबर येतें तें पुरे आहे, उगीच पैसे कशाला?" असें चिरंजीव म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे हें आम्हांस कबूल करावें लागतें. यंदा त्यांच्या मातोश्रींनीं फक्त एवढेंच विचारलें, "फुकटवाल्याचें बिघडलें तर बोलवायचें कोणाला रे?" चिरंजीवांस उत्तर सुचलें नाहीं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आम्हीं फोन केला. तो संध्याकाळीं आला, डबींतील आंकडे भरून दिले, आणि कीबोर्डाचें एक बटण कित्येक महिने अडकत होतें तेंहि जातां जातां नीट केलें. त्याचे पैसे कांहीं त्यानें घेतले नाहींत.