रेघेखालचें गांव

नकाशांतील सरहद्द ठळक काढावी, असा भूगोलाच्या तासाला आमचा वर्षानुवर्षांचा दंडक होता. पुसट रेघेस आम्ही एक गुण कापीत असूं. एकदां दोन राज्यांच्या सीमेवरील खेड्यांतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें आज्ञेप्रमाणें जाड रेघ ओढली आणि वही पुढें करून विचारलें, "सर, माझें गांव रेघेखालीं गेलें. तें आतां कोणत्या बाजूचें?" वर्ग हंसला. आम्हीं त्यास जागेवर बसविलें.

त्या प्रश्नाचें मोल आम्हांस फार उशिरां कळलें. तेंही यरुशलेमाच्या नकाशावरून. १९४८ च्या नोव्हेंबरांत तेथील लढाई थांबवितांना इस्रायलचे मोशे दायान ह्यांनीं हिरव्या व जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल ह्यांनीं तांबड्या पेन्सिलीनें आपापली रेघ नकाशावर ओढली. नकाशाचें प्रमाण १ : २०,००० आणि रेघेची जाडी ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर ६० ते ८० मीटर रुंदीची पट्टी! तिच्याखालीं घरें आलीं, रस्ते आले. शहराचे एके काळचे उपमहापौर व भूगोलाचे अभ्यासक मेरॉन बेन्वेनिस्टी ह्यांनीं पुढें विचारलें कीं, ह्या जाडीवर मालकी कोणाची? आमच्या विद्यार्थ्यानें तरी दुसरें काय विचारलें होतें?

१९६७ पर्यंत त्या रेघेनें शहर दुभंगलेलें होतें. २००४ सालीं फ्रान्सिस आलिस नांवाचे बेल्जियममध्यें जन्मलेले चित्रकार तळाशीं छिद्र पाडलेला हिरव्या रंगाचा डबा हातीं घेऊन तीच रेघ सुमारें २४ किलोमीटर चालले. ५८ लिटर रंग मातींत सांडला. नंतर त्या चालण्याचा चित्रपट त्यांनीं वास्तुविशारद एयाल वाइझमन, पत्रकार अमिरा हास इत्यादि जाणत्यांस दाखवून त्यांचे अभिप्राय नोंदविले. भूगोलज्ञानें रेघेची रुंदी मोजली. चित्रकारानें ती पायांखालीं घातली. दोघांचें काम एकत्र पाहिलें म्हणजे रेघेखालचीं माणसें दिसूं लागतात.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यांतील वाट ह्याच यरुशलेमाहून खालीं उतरते. त्या वाटेवर परक्या मुलखाचा मनुष्य थांबला, तो जखमी कोणत्या बाजूचा हें न विचारतां.

विद्यार्थीमित्रहो, हल्लीं आम्ही ठळक रेघेसाठीं गुण देत नाहीं. सरहद्द बारीक काढा आणि तिच्या दोहों अंगांच्या गांवांचीं नांवें लिहा. त्या विद्यार्थ्याचा गुण परत करणें मात्र आतां आमच्या हातीं नाहीं.