भुरका : दलालांच्या बोलीतला रुपया

१/१० ‘भुरका’ म्हटले की आजच्या मराठी माणसाला आमटीचा किंवा चहाचा भुरका आठवतो. मराठवाडा-विदर्भात कोणाला लसणाचे झणझणीत तोंडीलावणे आठवेल. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पेठेत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ होता : रुपया. तो सर्वांसाठी नव्हता. दलाल आणि व्यापारी यांच्यापुरताच होता.

२/१० हा शब्द नंदभाषेतला. नंदभाषा ही काही स्वतंत्र भाषा नव्हे. तिचे व्याकरण मराठीच; केवळ अंक आणि नाणी यांची नावे बदललेली. व्यवहारात लपवण्यासारखे असते ते एवढेच, म्हणून शब्दही तेवढेच घडले.

३/१० तिचे अंक असे : केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, मंगी आठ, अंगुळू दहा. रुपया तो भुरका, आणा तो फाटा, पैसा तो चकार. ‘केवली’चे ‘केवल’शी, म्हणजे एकटेपणाशी, नाते सहज ध्यानात येते, बाकीच्या बहुतेक शब्दांवरून मात्र बाहेरच्याला काहीच उमगू नये, अशीच त्यांची घडण आहे.

४/१० (‘चकार शब्द काढला नाही’ यातला चकार मात्र वेगळा. तो ‘च’ या अक्षराचा. पैशाशी त्याचा संबंध नाही.)

५/१० ही बोली चालत कशी असे? रुपयाचे आणे सोळा. तेव्हा ‘मंगी फाटे’ म्हणजे आठ आणे, अर्धा रुपया. दलालाने खरेदीदाराच्या कानाशी ‘अंगुळू भुरके, मंगी फाटे’ असे म्हटले की साडेदहा रुपयांचा भाव पक्का समजावा. गाडीवर हात ठेवून उभ्या असलेल्या कुणब्याच्या कानावरही ते शब्द पडत. माल त्याचा, घाम त्याचा; त्याच्या मालाची किंमत मात्र त्याच्यादेखत, त्याला न कळणाऱ्या शब्दांत ठरे.

६/१० याच रीतीचे दुसरे अंग म्हणजे रुमालाखालचा सौदा. दोघांनी हातावर उपरणे टाकायचे आणि बोटे दाबून आकडा सांगायचा. गुरांच्या बाजारात ही पद्धत दीर्घकाळ टिकली. नंदभाषा कानांना चकवी, रुमाल डोळ्यांना.

७/१० मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने या बोलीची नोंद घेतली. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. नंदभाषेतील अंकांनी देवाची मुखे, नेत्र आणि हात मोजणारी जुनी पद्यरचनाही मराठीत आढळते. म्हणजे हे गुपित पेठेबाहेर अगदीच अज्ञात नव्हते. पण कोश वाचणारा आणि पद्य रचणारा माणूस कापसाची गाडी घेऊन बाजारात उभा नव्हता. जो उभा होता, त्याच्या हाती कोश नव्हता.

८/१० म्हणून या शब्दांकडे निव्वळ गंमत म्हणून पाहता येत नाही. तसेच प्रत्येक दलालाला लबाड ठरवणेही न्यायाचे नाही. भर गर्दीत मोठ्या रकमेची वाच्यता टाळणे, शेजारच्या दुकानदाराला आपला भाव कळू न देणे, ही व्यापाऱ्याची रास्त गरज होती. प्रश्न गुप्ततेचा नव्हता. ती कोणापासून राखली जात होती, हा होता. स्पर्धकापासून लपवलेला भाव हा व्यापार झाला. माल ज्याचा, त्याच्यापासूनच लपवलेला भाव ही फसवणुकीला दिलेली मोकळी वाट ठरे.

९/१० ही वाट शब्दांनी नव्हे, कायद्याने अरुंद केली. वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ मध्ये कायदा झाला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा शेतमाल बाजार कायदा १९३९ चा, महाराष्ट्राचा पणन कायदा १९६३ चा. बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव हा नियम झाला. भाव सर्वांना ऐकू येईल असा पुकारला जाऊ लागला. त्यातच १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पुढे आणा व्यवहारातून गेला. आणाच नाही म्हटल्यावर फाटा कशाचा?

१०/१० एखादा शब्द नाहीसा झाला की भाषाप्रेमी हळहळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. केवली, अवारू, उधानू यांचा नाद खरोखर गोड आहे. कोशात ते जपलेच पाहिजेत. परंतु काही शब्दांचे मरण हे भाषेचे दारिद्र्य नसून समाजाची कमाई असते. भुरका आता ताटातला उरला, बाजारातला नाही. ज्याचा माल, त्याला त्याचा भाव आपल्या मातृभाषेत कळावा, एवढ्या साध्या हक्कासाठी या शब्दाला जावे लागले. तो हक्क मात्र आजही प्रत्येक पेठेत पुन्हा पुन्हा तपासून घ्यावा लागतो.