प्लेगने आखलेलं बेंगळुरू

झोंबीच्या कुठल्याही सिनेमात साधारण अर्ध्या तासाने एक गंमत होते. तुमच्या लक्षात आलीय का? झोंबींची भीती मागे पडते आणि वाचलेल्या माणसांचीच भीती वाटू लागते. कुणीतरी कुंपण घालतं, फाटकावर पहारा बसतो, आणि आत कुणाला घ्यायचं यावरून भांडणं सुरू होतात. पलीकडच्या टेकडीवर दुसरी टोळी असतेच.

हे सगळं खरोखर घडलेलं शहर बघायचं असेल तर बेंगळुरूला या. इथे झोंबी नव्हते, प्लेग होता. आणि ती कुंपणं आजही चालत बघता येतात. एक दिवस, मेट्रोचं कार्ड आणि बरे बूट एवढं पुरेल.

सुरुवात के. आर. मार्केटजवळ करा. बाजूलाच व्हिक्टोरिया हॉस्पिटलची दगडी इमारत आहे. तिची पायाभरणी 22 जून 1897 रोजी झाली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी दिवशी. तारीख ओळखीची वाटली ना? त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. घरात शिरणारे सोल्जर, रस्त्यावर फेकलेलं सामान, सक्तीने छावणीत नेलेली माणसं हे पुण्याने तोवर सोसलं होतं. बेंगळुरूत प्लेग अजून यायचा होता.

तो आला ऑगस्ट 1898 मध्ये, हुबळीच्या बाजूने, रेल्वेने. आकडे बघा. 1891 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 1,80,366 होती. 1901 मध्ये ती 1,59,046 भरली. दहा वर्षांत शहर वाढायच्या ऐवजी एकवीस हजारांनी आटलं. सगळेच मेले नाहीत, पुष्कळ जण पळाले. पण मार्केटमागच्या चिकपेट, बळेपेटच्या गल्ल्यांतून चालताना घरं किती खेटून आहेत ते बघितलंत की लोक का पळाले हे सांगावं लागत नाही.

म्हैसूर संस्थानाने प्लेगसाठी खास कमिशनर नेमले ते व्ही. पी. माधवराव, कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पुढे 1906 मध्ये ते संस्थानाचे दिवाण झाले. काम मुळीच सोपं नव्हतं. श्रीरंगपट्टणजवळच्या गंजाममध्ये त्याच वर्षी प्लेगच्या नियमांविरुद्ध मोठी दंगल झाली. आजाराइतकीच लोकांना छावणीची धास्ती होती. आणि पिसू हा आजार पसरवते हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने ते कराचीत 1898 मध्येच शोधलं, आणि जगाला पटायला आणखी काही वर्षं गेली.

आता मेट्रोची ग्रीन लाइन पकडून संपिगे रोड स्टेशनला उतरा. हे मल्लेश्वरम. सरळ रस्ते, ओळीने क्रॉस आणि मेन, झाडं, फुलांचे ढीग, फिल्टर कॉफी. बेंगळुरूकरांचा जीव की प्राण. या वस्तीची आणि दक्षिणेकडच्या बसवनगुडीची आखणी 1892 च्या सुमारासच झाली होती, पण पेठेतलं घर-दुकान सोडून माळावर जाणार कोण? प्लेगने तो प्रश्न सोडवला. वाचलेले लोक इथे येऊन वसले.

जाता जाता काडु मल्लेश्वर मंदिरात डोकवा. 'काडु' म्हणजे रान. वस्तीला नाव मिळालं ते याच देवावरून. आणि मराठी वाचकाने तर इथे थांबायलाच हवं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे.

नंतर मुख्य रस्ता सोडून घरांच्या मागच्या बाजूला वळा. दोन रांगांच्या मधून अरुंद बोळ जातो. मुंबईत याला घरगल्ली म्हणतात. घरात हवा खेळावी आणि मैला मागच्या मागे उचलला जावा, म्हणून ही सोय. आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाची, यात शंका नाही. पण तो मैला उचलणारा माणूस पुढच्या दाराने येणार नव्हता, हेही त्याच नकाशात लिहिलेलं होतं. एवढंच नाही, नव्या वस्त्यांचे भागही जातीजमातींप्रमाणे वेगळे ठेवले होते. ब्राह्मणांचा वेगळा, लिंगायतांचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा. मरीने कुणाची जात विचारली नव्हती. वाचलेल्यांनी मात्र प्लॉट देताना विचारली. मला या सुंदर रस्त्यांवरून फिरताना ही गोष्ट टोचते, आणि तरी इथला डोसा मी सोडत नाही. काही बोळांत आता भिंतींवर चित्रं रंगवलीत, बसायला बाकं ठेवलीत. काहींत नुसत्या गाड्या लावलेल्या असतात.

दुपारी पुन्हा ग्रीन लाइनने दक्षिणेला जा. बसवनगुडीत मोठ्या नंदीचं दर्शन घ्या, गांधी बझारात खा, आणि मग त्यागराजनगरात प्लेगम्मेचं देऊळ विचारा. हो, प्लेगची देवी. आपल्याकडे मरीआई असते ना, तीच कल्पना, फक्त आजाराचं इंग्रजी नाव थेट देवीला लागलं. सरकारी छावणीवर विश्वास नव्हता, डॉक्टर महाग, तेव्हा लोकांनी आपला आधार आपणच उभा केला. देऊळ लहान आहे. फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

आणि पलीकडच्या टेकडीवरची ती टोळी? तीही होती. बेंगळुरू तेव्हा एक शहर नव्हतंच. पेठ म्हैसूरच्या महाराजांची, कँटोन्मेंट इंग्रजांचं, मध्ये कब्बन पार्क. दोन नगरपालिका, दोन कायदे, दोन तिजोऱ्या. पिसवा लादलेला उंदीर मात्र बाग ओलांडायला परवानगी मागत नव्हता. 1901 च्या आकड्यांत दोन्हीकडची माणसं सारखीच घटलेली दिसतात, पेठेकडची जवळपास अकरा हजार, कँटोन्मेंटची साडेदहा हजार. तरी धडा घेऊन दोघांनी आपापली वेगळी वस्ती बांधली. कँटोन्मेंटने घातलेलं फ्रेझर टाउन 1910 च्या सुमारास तयार झालं. तिथली घरं प्लेगला थारा मिळू नये अशी बांधायची, हा त्यामागचा हेतू होता. नाव पडलं तिथले ब्रिटिश रेसिडेंट स्टुअर्ट फ्रेझर यांचं.

संध्याकाळी तिकडेच जा. जाताना रिक्षा कब्बन पार्कच्या कडेने न्यायला सांगा, म्हणजे दोन शहरांमधली हद्द डोळ्यांनी दिसेल. ती कागदावरून पुसली गेली 1949 मध्ये, दोन्ही नगरपालिका एक झाल्या तेव्हा. फ्रेझर टाउनला मॉस्क रोडवर खायची चंगळ आहे, त्यामुळे भूक राखून ठेवा. परतीची गाडी असेल तर एक काळजी घ्या: मूळ सिटी स्टेशन वेगळं आणि बेंगळुरू कँटोन्मेंट वेगळं, दोन्ही आजही चालू आहेत. तिकिटावर कुठलं नाव आहे ते नीट वाचून निघा.